होडी बुडालेली नाही

२ जुलै, बुधवार. दुपारी १.१०

शेडमध्ये १९ अंश, बाहेर ३३. आमच्या पाइन क्रीक गावात माझ्या शेडइतकी थंड जागा दुसरी नाही. चर्चसुद्धा नाही. एकतीस वर्षं गावोगावचे फ्रीज दुरुस्त केल्यावर माणसाला एवढं सुख हक्काचं.

आज बायकोशी, म्हणजे मर्लशी, लेखी करार केला. वीस तारखेला डार्विनच्या किनाऱ्यावर बिअरच्या रिकाम्या कॅनच्या होड्यांची शर्यत आहे. मी उतरणार. होडी बुडाली तर हे घर विकायचं आणि अॅडलेडला टॅम्सिनच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, शेजारी राहायला जायचं. नाही बुडाली तर मर्लने अॅडलेडचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. टॅम्सिनला बाळ झाल्यापासून ती ते दिवसाला सरासरी अकरा वेळा काढते. मोजलंय.

बुडणे म्हणजे काय तेही लिहून ठेवलं. 'होडीचा सर्वांत वरचा कॅन पाण्याखाली गेल्यास होडी बुडाली असे समजावे.' मोघमपणा मला खपत नाही. मर्लने न वाचता सही केली. म्हणाली, तू व्याख्या लिहीत बस, मी कपाटं आवरायला घेते. आत्तापासून कपाटं! दाखवतोच.

मुद्दा साधा आहे. कॅथरीनपासून जाबिरूपर्यंत कुठल्याही बारमधली बिअर गार असेल तर ती माझ्यामुळे. मी नववीत शाळा सोडली, पुढचं सगळं स्वतः शिकलो. अॅडलेडला फ्रीजचा स्क्रू काढायच्या आधी सर्टिफिकेट विचारतात. तिथे मी कोण? कुणाचा तरी आजोबा. बस.

५ जुलै, शनिवार. सकाळी ९.००

कॅन जमले १,२८४. पैकी ४१० एकट्या कॉल ब्रॅनिगनचे. कॉल म्हणजे शेजारी. काम काही करत नाही, सल्ले मात्र भरपूर. म्हणाला, बाबा रे, तुझ्या विज्ञानापायी माझं लिव्हर चाललं.

गणित: एक कॅन साधारण ३७५ ग्रॅम तोलून धरतो. मी १०४ किलो. मर्ल ६८ (तिचा आकडा. मी ७१ धरलाय). लाकडी सांगाडा ४०. म्हणजे ५७४ कॅन पुरे. मी दुपटीहून जास्त लावतोय. ज्याला भागाकार येतो त्याला बुडायची भीती नाही.

कॅनची तोंडं बंद करायला बाकीचे लोक सिलिकॉन वापरतात. मी मेण. बघून ठरवलंय. सिलिकॉन वाळायला वेळ घेतं, मेण दोन मिनिटांत दगड होतं. शेडमध्ये शंभर कॅन मेणाने बंद करून बादलीत दाबून पाहिले. एक थेंब आत नाही. कॉल म्हणाला, अरे पण सगळे सिलिकॉनच लावतात. 'सगळे लावतात' हे ज्याला कारण वाटतं, त्याच्याशी मी वाद घालत नाही. पाऊण तास घातला, तेवढाच.

९ जुलै, बुधवार

होडी तयार. लांबी ३.६० मीटर, चार थर, पुढच्या टोकाला, नाळेवर, सात थर. रुबाबदार दिसते. नाव 'मर्ल-२'. मर्लने विचारलं, एक नंबर कोण. म्हटलं, तू. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी. मग म्हणाली, म्हणजे बुडाली तर सगळा किनारा 'मर्ल बुडाली' म्हणून ओरडणार.

पाण्यात घालून बघायचा विचार होता. गावच्या पोहण्याच्या तलावावरच्या बाई फाटकातच आडव्या आल्या. त्या म्हणाल्या, व्हर्न, तू गेल्या वर्षी इथला थंड पाण्याचा नळ दुरुस्त केलास, तो आता गरम पाणी देतो. होडी आत येणार नाही.

ओढ्याला पाणी नाही. नदीला आहे, पण त्यात मगरी आहेत.

असो. चाचणीची गरज नाही. पूल बांधणारा माणूस आधी घरच्या अंगणात पूल बांधून बघतो का?

१३ जुलै, रविवार

रस्ता ठरला. हमरस्त्याने डार्विन २२५ किलोमीटर. सगळे तोच घेतात. पण त्यावर रोड ट्रेन असतात. पन्नास मीटर लांबीचा, मागे तीन डबे जोडलेला ट्रक शेजारून गेला की जो वारा सुटतो, त्याने माझ्या होडीचे सांधे हलतील. म्हणून काकडू राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळीतून जायचं. ४६० किलोमीटर. रोड ट्रेन नगण्य.

कॉल म्हणाला, दुप्पट रस्ता? वारा चुकवायला? म्हटलं, दूरदृष्टी. तो म्हणाला, तुझी दूरदृष्टी इतकी दूरची आहे की जवळचं काही दिसतच नाही. यावर मी त्याला बिअर दिली नाही.

१७ जुलै, गुरुवार. सकाळी ७.३०

प्रस्थान. होडी ट्रेलरवर, वरून काळी ताडपत्री, बारा दोर. उन्हाचा एक किरणसुद्धा आत जात नाही. धुळीचा प्रश्नच मिटला. मर्लने दोन बॅगा घेतल्या. तीन दिवसांना दोन बॅगा? बायका.

दुपारी १२.५०

वाटेत रेंजर लोक रस्त्याकडेचं गवत जाळत होते. थंडीच्या दिवसांत, म्हणजे इथे आत्ता, जाळलं की पुढे मोठे वणवे लागत नाहीत, ते बरोबरच आहे. पण त्यासाठी आम्हाला चाळीस मिनिटं उन्हात थांबवलं. त्यांच्या मुख्य डोरेल बाई. त्यांच्या घरच्या माणसांनी ही जमीन सांभाळली त्याला किती पिढ्या झाल्या, कुणी मोजत नाही. फ्रीजच्या बाबतीत मात्र त्या मलाच बोलावतात. ताडपत्री उचलून बघितली आणि म्हणाल्या, म्हातारबाबा, हे काय, कुणाचं लग्न झालं का, गाडीमागे डबे बांधायला. मी उत्प्लावकतेबद्दल थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, आणि हे खाली टपकतंय ते?

ट्रेलरच्या मागे रस्त्यावर पांढरे थेंब. जास्तीचं मेण. लावताना हात थोडा सढळ होता. जादा होतं तेवढं निघून गेलं, उलट होडी हलकी झाली.

मर्ल खिडकीतून घारींकडे बघत बसली. आगीतून पळणारे टोळ धरायला शंभरेक घारी आल्या होत्या.

१७ जुलै. सायंकाळी ५.१५. डोहाकाठचा तंबू

इथे पाणीच पाणी. कमळं, बगळे, बदकं, मैलभर आरसा. मनात आलं, दहा मिनिटं होडी उतरवून बघावी. फक्त माझं समाधान म्हणून.

डोरेल बाई संध्याकाळची फेरी मारायला आल्या होत्या. म्हणाल्या, उतरव की. तुझा परीक्षक वाट बघतोय. आणि हनुवटीने दाखवलं. ज्याला मी बुडालेलं झाडाचं खोड समजत होतो ते साडेचार मीटर होतं आणि त्याला डोळे होते.

म्हटलं, आज जरा वारा आहे.

ताडपत्री काढून तपासणी केली. नऊ तोंडांवरचं मेण पातळ झालंय. नऊ म्हणजे १,२८४ पैकी नऊ. ०.७ टक्के. मर्ल म्हणाली, वरून नऊ दिसतात रे, आतल्यांचं काय. आतले वरच्यांच्या सावलीत आहेत, एवढी साधी गोष्ट तिला कळत नाही. तिच्याकडे सिलिकॉनची एक ट्यूब आहे, हेही आज कळलं. घरून आणली. कुणी सांगितलं होतं? कॉलने.

मी ट्यूब घेतली नाही. स्वाभिमान हाही एक प्रकारचा चिकट पदार्थ आहे.

१८ जुलै, शुक्रवार. सकाळी ११.२०

हंसबदकांच्या पाणथळीपाशी थांबलो. हजारो बदकं, चिखल उपसत, एकमेकांवर ओरडत. मर्ल दुर्बिणीतून बघत होती. म्हणाली, पाणी आटत आलं की ही सगळी इथे जमतात, पिल्लं घेऊन. आपल्याला कुणी एवढ्या लांबून बोलावलं असतं तर गेलो नसतो का. मी म्हटलं, बदकांना फ्रीजचं काम येत नाही.

तिने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसली. उत्तर बिनतोड होतं.

१८ जुलै. दुपारी २.४०

पूल ओलांडला. ज्या नदीवरचा तो होता तिचं नाव आणि टॅम्सिनच्या शहराचं नाव एकच, म्हणून ते मी इथे लिहीत नाही. कुणा शहाण्याने ते ठेवलं कुणास ठाऊक. मर्ल पाटीकडे बघून हसली. म्हणाली, व्हर्न, मी तोंडातून काही काढलं नाही हं, पाटीवरच लिहिलंय.

काही अंतरावर एक रोड ट्रेन मागून आला आणि बाजूने गेला. होडीला काहीही झालं नाही. म्हणजे सांधे उत्तम आहेत. म्हणजे हमरस्त्याने आलो असतो तरी चाललं असतं. पण तेव्हा हे कुठे माहीत होतं?

१९ जुलै, शनिवार. डार्विन

गर्दी, दमट हवा, सगळीकडे पार्किंग. संध्याकाळच्या बाजारात लक्सा खाल्ला. तिखट रश्शात शेवया आणि कोळंबी. मर्लला फार आवडतो. खाताना तिचा चेहरा तिशीतल्यासारखा दिसतो. हे तिला सांगणार होतो, पण तेवढ्यात टॅम्सिनचा फोन आला आणि बाळाला दाखवलं. बाळ फोनकडे बघून रडलं. माझ्याकडे बघून नव्हे. मर्ल म्हणते माझ्याकडेच बघून.

बाकीच्या होड्या बघून आलो. एक चाच्यांचं जहाज, एक मगर, एक विमान. सगळं सिलिकॉन. कारागिरी शून्य. एका पोराने विचारलं, काका, तुमची पाण्यात किती वेळ टिकली. म्हटलं, माझ्या होडीचं काम कागदावर पूर्ण झालंय. तो म्हणाला, वा, म्हणजे ती कागदावर तरंगते.

मेण तपासलं नाही. ऐन आदल्या दिवशी शंका घेणं हे दुबळ्या मनाचं लक्षण.

संकल्प: उद्या कुणालाही फालतू माहिती द्यायची नाही. फक्त जिंकायचं.

२० जुलै, रविवार. सकाळी ६.००

मर्ल होडीत बसायला तयार आहे. तोल साधायला दुसरं माणूस लागतंच. म्हणाली, बसते, नाहीतर उद्या म्हणशील बाहेरून मीच बुडवली. टोपी, सनस्क्रीन, बिस्किटं. तिने करार वाचला नसला तरी तिला तो पाठ आहे, असा संशय आहे.

२० जुलै. दुपारी ३.३०

सविस्तर नोंद करणं आवश्यक आहे, कारण उद्या लोक काहीही बोलतील.

सुरुवात उत्कृष्ट. पहिले अठरा मीटर आम्ही तिसरे होतो. मर्लचं वल्हवणं सरस, माझी दिशा अचूक. चाच्यांचं जहाज मागे पडलं.

एकोणिसाव्या मीटरला डावीकडून बुडबुडे. मग उजवीकडून. मग सगळीकडून, जणू १,२८४ कॅन एकदम उघडले. निवेदक लाऊडस्पीकरवर म्हणाला, लोकहो, 'मर्ल-२' उकळतेय! किनारा हसला. मी वल्हं थांबवलं नाही.

मर्लने टोपीने पाणी उपसायला सुरुवात केली. अगदी जिवाच्या आकांताने. हे मला समजलं नाही. ती नुसती स्वस्थ बसली असती तरी तिला हवं ते मिळणार होतं. मी तसं ओरडून विचारलं. ती म्हणाली, व्हर्न, तू बुडतोयस आणि मी बघत बसू का रे मूर्खा, उपस!

मी उपसलं.

छत्तिसाव्या मीटरला होडी सावकाश, कुठेही न मोडता, सरळ खाली बसली. वाळूवर. ओहोटी लागल्यामुळे पाणी तिथे सत्तर सेंटिमीटर होतं. नंतर मी काठी घालून मोजलं. आमच्या पायाखालची होडी सगळी पाण्यात, पण नाळ सात थरांची. वरचे दोन कॅन पूर्ण कोरडे. नाळेवरच्या कॅनचा मी फोटो घेतला.

पंच छातीभर पाण्यातून चालत आले. छातीभर नव्हे, मांडीभर, पण ते बुटके होते. म्हणाले, साहेब, बाजूला व्हा, मागून मगर येतेय. (ती कॅनची मगर.) मी त्यांना व्याख्या वाचून दाखवली. खिशात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ते म्हणाले, तुमची होडी जमिनीला टेकलीय. म्हटलं, टेकलीय. बुडालेली नाही. विमानतळावर विमान टेकतं तेव्हा ते कोसळलं म्हणतात का? ते म्हणाले, साहेब, मी फक्त बाजूला व्हा म्हटलं.

मी होडीत उभा राहिलो. शर्यत संपेपर्यंत. मर्ल शेजारी उभी होती, भिजलेली, टोपी हातात. लोक टाळ्या वाजवत होते. कशाला ते विचारलं नाही.

२० जुलै. सायंकाळी ६.४५

पुन्हा लक्सा. मर्लने करार मागितला. ओला कागद उघडून शांतपणे वाचला. मग म्हणाली, बरोबर. वरचा कॅन पाण्याखाली गेला नाही. जिंकलास.

वाद नाही, तक्रार नाही. मी एकवीस मुद्दे तयार ठेवले होते, एकही लागला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझं गणित मान्य केलं. आनंद झाला. लक्सा आज जरा कमी तिखट होता.

२१ जुलै, सोमवार. सकाळी ८.२०. विमानतळ, पार्किंग

मर्ल गेली. दुसरी बॅग त्यासाठी होती.

तिने करार अक्षरशः पाळला. शहराचं नाव एकदाही घेतलं नाही. 'तिकडे' म्हणाली. तिकडे जाते, टॅम्सिनला झोप मिळत नाही, मला नातवाला धरायचंय. घर विकायचं नाही, तू राहा, तू जिंकलायस. किती दिवस, विचारलं. म्हणाली, व्हर्न, बदकं कॅलेंडर बघत नाहीत.

मग दाराशी थांबून माझी कॉलर नीट केली. काच सरकली. गेली.

कराराचं उल्लंघन कुठेही सापडत नाही. तीनदा वाचला.

२१ जुलै. दुपारी १.००

हमरस्त्याने परतलो. २ तास ३५ मिनिटं. सात रोड ट्रेन भेटले. रिकाम्या ट्रेलरला काय होणार.

२३ जुलै, बुधवार

घरात शांतता. हवं तेव्हा जेवतो, हवी ती बातमी लावतो, कुणी टीव्हीसमोरून जात नाही. विजयानंतर असंच असावं.

अंडी कुठे ठेवतो आपण? सापडत नाहीत.

२४ जुलै, गुरुवार

अंडी फ्रीजमध्ये. दारात. एकतीस वर्षं मी हा फ्रीज उघडतोय, पण दाराच्या कप्प्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

कॉल आला. म्हणाला, मर्ल कुठेय. म्हटलं, दक्षिणेत, थोडे दिवस. तो म्हणाला, मग तू जिंकलास की हरलास. हा प्रश्नच चुकीचा आहे. मी त्याला नाळेचा फोटो दाखवला, दोन कोरडे कॅन. तो बघून म्हणाला, मस्त आलाय फोटो, पण यात तुम्ही दोघं का नाही.

२६ जुलै, शनिवार

कामाला लागलो. कॅथरीनच्या बारचा कूलर, गॅस भरला. बारवाला म्हणाला, व्हर्न, तुझ्याशिवाय आम्ही काय केलं असतं. हे ऐकायला मी पन्नास मैल गाडी चालवत जातो, हे आज लक्षात आलं. परतताना वाटेत कुणाला सांगावं असं फारसं काही घडलं नाही. घडलं, पण सांगायला शेजारची सीट रिकामी.

२८ जुलै, सोमवार. सायंकाळी ६.१०

मर्लचा फोन. बाळाला सर्दी. टॅम्सिन झोपली आहे, दोन आठवड्यांत पहिल्यांदा सलग चार तास. बाळाच्या खोलीचा एसी आवाज करतो म्हणे. खडखड. पंख्याचं बेअरिंग असणार. मी फोनवर तो आवाज ऐकवायला सांगितला. ऐकला. बेअरिंगच. तिथला सर्टिफिकेटवाला कुणी येईल तो अख्खा पंखा बदलून जाईल, मी सांगतो.

असा आवाज बाळाच्या खोलीत बरा नव्हे.

२९ जुलै, मंगळवार. सकाळी ९.४०

अंतर काढलं. केवळ माहितीसाठी. २,८०० किलोमीटर. दिवसाला ६०० धरले तर पाच दिवस. हत्यारं मागच्या सीटवर मावतात. डिझेल भरून घेतलं, तेही केवळ टाकी रिकामी ठेवू नये म्हणून.

कॉलला गेट बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, हां, म्हणजे हरलास. म्हटलं, तांत्रिक भेट आहे. एसी दुरुस्तीला जातोय. तो म्हणाला, अरे लेका, तिकडे जुलै म्हणजे कडक थंडी, बारा अंश, एसी कोण लावतंय? म्हटलं, हंगाम नसतानाच सर्व्हिसिंग करतात. ज्ञान असलेल्याला हे माहीत असतं. तो म्हणाला, आणि खडखड कशी ऐकलीस मग? यावर मी गाडी सुरू केली.

मर्लला कळवलं: येतोय, एसीसाठी, करार अबाधित आहे. तिने एकाच ओळीत विचारलं, स्वेटर आहे का.

दुकानात गेलो. पाइन क्रीकमध्ये स्वेटर मिळत नाही.